गेन्जुत्सू आणि सुइटोन एकाच तंत्रात: शंभर ड्रॅगन नकोत, एक खोटं पुरतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘नारुतो’ या जपानी निंजा-मालिकेच्या जगात बसेल असा स्वतःचा निंजा तयार केलाय. त्याला गेन्जुत्सू म्हणजे भ्रमविद्या येते आणि सुइटोन म्हणजे जलतंत्रही येतं. आता दोन्ही मिळून एक नवा जुत्सू, म्हणजे निंजाचं तंत्र, हवा आहे. कच्ची कल्पना अशी: धुकं पसरतं, शत्रूला चहूबाजूंनी शंभर जलड्रॅगन दिसतात, त्यांतला एकच खरा असतो आणि तोच येऊन आदळतो. सोबत दोन उपप्रश्न आहेत: शत्रू यातून सुटेल कसा, आणि याला एस-रँक, म्हणजे सर्वांत वरचा दर्जा, म्हणता येईल का? (त्याखाली ए, मग बी.)

मी टेबलावरचे रोल-प्लेइंग खेळ चालवतो, म्हणजे गेम मास्टरच्या खुर्चीत बसतो, आणि जवळपास प्रत्येक कॅम्पेनला कोणीतरी असा जोडजुत्सू घेऊन येतंच. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी तुमच्याच कल्पनेला एक साधी चाचणी लावू. ती मी सगळ्यांना लावतो. जुत्सूतला भ्रम काढून टाका आणि उरलेलं पाणी एकटं काय करतं ते बघा. तुमच्या बाबतीत नव्याण्णव खोटे ड्रॅगन गेले की काय उरतं? दाट धुकं, आणि त्यातून न दिसता, पाठीमागून येणारा एक खरा ड्रॅगन. हे आधीपेक्षा जास्त घातक आहे! शत्रूला काही दिसतच नव्हतं. तुम्ही शंभर ड्रॅगन दाखवून त्याला उलट सावध केलंत. आता तो मातीची भिंत उभी करेल, जमिनीत शिरेल किंवा उडी मारून बाहेर पडेल. शंभरातला खरा कोणता हे ओळखायची त्याला गरजच नाही.

म्हणजे दोन शक्ती जोडायच्या कशा हा तुमचा खरा प्रश्न नाही. पाण्याला एकट्याने जमत नाही असं कोणतं काम भ्रमाने करायचं, हा खरा प्रश्न आहे. हे एकदा ठरलं की बाकीचं बरंचसं आपोआप जागेवर बसतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, तेही सांगतो. तुम्ही कथा लिहिताय, कॉमिक काढताय की खेळात पात्र उतरवताय, यावर जुत्सूचं रूप बदलेल. जग मूळ मालिकेचं आहे की तुमचं स्वतःचं, यावर नियम बदलतील. प्रश्नात रँकचा उल्लेख आहे, त्यावरून मी मूळ जगाचेच नियम धरतोय. तुमचं पात्र कुठलं, कुणाकडे शिकलं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्याकडे पुढे येऊ, कारण माझ्या मते अर्धं उत्तर तिथेच आहे.

मूळ नियमांत एक अडचण आहे आणि असे जोडजुत्सू बहुतेक तिथेच अडतात. गेन्जुत्सू समोरच्याच्या मेंदूतल्या चक्राच्या, म्हणजे या जगातल्या आंतरिक शक्तीच्या, प्रवाहात ढवळाढवळ करून त्याच्या इंद्रियांना फसवतो. तो मोडायचे ठरलेले मार्ग आहेत: स्वतःचा चक्रप्रवाह क्षणभर थांबवणं, साथीदाराने हात लावून आपलं चक्र आत सोडणं, आणि वेदना. मालिकेत तायुया या शत्रूच्या बासरीच्या भ्रमातून सुटायला शिकामारू हा निंजा स्वतःचं बोट मोडतो. इताचीच्या भ्रमातून सुटायला कुरेनाई ओठ चावते. आता तुमचा जुत्सू बघा. भ्रम लावायचा आणि मग पाण्याचा प्रचंड तडाखा द्यायचा. तडाखा म्हणजे वेदना. म्हणजे तुमचा हल्लाच तुमचा भ्रम मोडतो! पहिल्या फटक्यात शत्रू मेला नाही, तर तो ओला, चिडलेला आणि पूर्ण शुद्धीवर असेल.

यातून दोनच वाटा निघतात. एकतर पाण्याचं काम न दुखवता व्हायला हवं, किंवा वेदना होईल त्या क्षणी भ्रमाची गरज संपलेली हवी. उत्तम जुत्सू दोन्ही साधतो.

मूळ मालिकेतच याचे नमुने आहेत. पहिला अगदी सुरुवातीचा, काकाशी आणि झाबुझा या दोन निंजांच्या पाण्यावरच्या लढाईतला. काकाशी झाबुझाच्या हातांच्या प्रत्येक मुद्रेची (जुत्सूसाठी कराव्या लागणाऱ्या खुणेची) नक्कल करत असतो, आणि नेमक्या क्षणी झाबुझाला काकाशीच्या मागे स्वतःचीच आकृती दिसते. तो दचकतो, त्याची मुद्रा राहून जाते, आणि काकाशी तोच जुत्सू आधी पुरा करून त्याला लाटेत फेकून देतो. बघा, भ्रम किती छोटा आहे: एक आकृती, एक क्षण. बाकी सगळं काम पाण्याने केलं. दुसरा नमुना मृत्यूच्या जंगलात भेटणाऱ्या, पर्जन्यग्राम या गावच्या तिघा निंजांचा. ते भ्रमाने प्रतिकृतींची गर्दी उभी करतात आणि स्वतः लपून खरे कुनाई, म्हणजे फेकायचे खंजीर, फेकतात. ही तुमच्या शंभर ड्रॅगनच्या जवळची कल्पना आहे. पण तिथे गर्दीचा उपयोग नारुतोच्या टोळीला दमवण्याचा आहे, खरा वार लपवणं हा त्याचा एक भाग झाला. तिसरा नमुना दुसऱ्या मिझुकागेचा, म्हणजे धुक्याच्या गावाच्या दुसऱ्या प्रमुखाचा. त्याचा महाकाय शिंपला धुकं सोडून मृगजळ दाखवत राहतो, आणि समोरचे नसलेल्या शत्रूवर वार करत बसतात.

हा शिंपला लेखकाच्या डोक्यातून निघालेला नाही. मोठा शिंपला श्वास सोडतो आणि त्या वाफेत महाल-मनोरे दिसतात, ही चीन-जपानकडची जुनी समजूत आहे. जपानच्या तोयामा उपसागरावर उओझु नावाचं गाव या देखाव्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे वसंतात पाण्यालगतची हवा थंड आणि तिच्यावरची उबदार असते, प्रकाश त्या थरांतून वाकतो, आणि पलीकडचा किनारा ताणलेला किंवा उलटा दिसायला लागतो. आपल्याकडे तापलेल्या डांबरी रस्त्यावर दिसतं त्याच्या नेमकं उलट: रस्त्यावर खाली गरम, वर थंड; तिथे खाली थंड, वर गरम.

आणि पाणी-भ्रमाच्या जोडीसाठी खरं तर जपानलाही जायला नको. मयसभेत दुर्योधनाला स्फटिकाची फरशी पाणी वाटते म्हणून तो वस्त्रं सावरतो, आणि पुढे खऱ्या पाण्याला फरशी समजून सरळ आत पडतो. यातला दुसरा भाग नीट बघा. पाण्याने हल्ला केलेला नाही. पाणी आपल्या जागी शांत आहे. खोटं एवढंच आहे की ‘इथे जमीन आहे’. तो स्वतःच्या पायांनी चालत जाऊन पडतो. मला विचाराल तर शंभर ड्रॅगनांपेक्षा ही रचना कितीतरी वरची आहे.

म्हणून माझा नियम: भ्रम एका छोट्या वाक्यात सांगता आला पाहिजे. ‘मागे कोणीतरी आहे.’ ‘इथे जमीन आहे.’ वाक्य लांबलं की चक्र जास्त खर्च होतं, शंका घ्यायला जागा वाढते, आणि वाचकाला समजावून सांगायला पानं लागतात.

आता तुमच्यासाठी एक जुत्सू प्रत्यक्ष बांधून दाखवतो. वाक्य निवडू: ‘माझे पाय कोरडे आहेत.’ पाणी खरं, चढणारं. भ्रम फक्त ते चढतंय हे लपवतो. नाव सध्या ‘मुकं पाणी’ ठेवू, जपानी नाव तुम्ही नंतर शोधा.

हे पटण्यासारखं का आहे? माणसाच्या त्वचेत ओलावा ओळखणारी वेगळी यंत्रणाच नाही. कीटकांना असते, आपल्याला नाही. गारवा आणि स्पर्शाचा दाब या दोन गोष्टी एकत्र आल्या की मेंदू ‘ओलं’ असा निष्कर्ष काढतो. त्वचेचं तापमान साधारण 33-34 अंश सेल्सिअस असतं. पाणी त्याच तापमानाचं आणि स्थिर असेल तर गारव्याची खूण नाहीशी होते. फ्लोट टँकमध्ये (निवांत तरंगत पडायच्या टाकीत) याच युक्तीने 34-35 अंशांचं खारं पाणी वापरतात, आणि आत पडलेल्या माणसाला थोड्या वेळाने आपलं अंग कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळेनासं होतं. म्हणजे अर्धी फसवणूक निसर्गानेच करून ठेवली आहे. गेन्जुत्सूला फक्त उरलेलं पुसायचंय: पोटरीवर चढत जाणाऱ्या पाण्याच्या कडेची जाणीव, आणि खाली पाहिलं तर दिसणारा पृष्ठभाग. भ्रम छोटा राहिला.

पण शत्रू चालायला लागला की पंचाईत. पाणी हवेपेक्षा साधारण आठशे पट दाट असतं. गुडघाभर पाण्यात पाऊल उचललं की ते कोणालाही कळेल, आणि ते लपवायला भ्रम फार मोठा करावा लागेल. म्हणून शत्रू स्वतःहून स्तब्ध उभा राहायला हवा. इथे धुकं उपयोगी पडतं. धुक्यात सापडलेला अनुभवी शिनोबी, म्हणजे निंजा, धावत सुटत नाही; तो थांबतो आणि कान देतो. झाबुझा तर पुलावरच्या लढाईत काकाशीचा शारिंगान हा खास शक्तीचा डोळा टाळायला डोळे मिटून, केवळ आवाजावर लढतो. म्हणून भ्रमाचं दार डोळे नकोत, कान हवेत. ठरावीक तालात पडणारा थेंबांचा आवाज, टप्, टप्, हाच गेन्जुत्सू. आवाजातून भ्रम लावणं तायुयाने दाखवलंच आहे, त्यामुळे कोणी नियमावर बोट ठेवणार नाही. आणि गंमत अशी की दृष्टिभ्रम टाळायला डोळे मिटून कान टवकारणारा हुशार शत्रू यात सगळ्यात आधी अडकतो.

तो हलू नये म्हणून अधूनमधून एखादा खडा लांब फेकायचा. खऱ्या निंजांच्या परंपरेत ही युक्ती सांगितली जाते: खंदकात दगड टाकायचा, पहारेकरी आवाजाकडे वळला की आपण दुसरीकडून निसटायचं. तिथे पाणी पळून जाण्यासाठी वापरलंय. आपण तीच युक्ती माणसाला जागेवर खिळवायला वापरतोय.

मग शेवटचा टप्पा. पाणी गुडघ्याच्या वर आलं की तुमचं पात्र ते एका झटक्यात ओढून घेतं. जोरात वाहणारं जेमतेम 15 सेंटीमीटर पाणीसुद्धा मोठ्या माणसाला पाडू शकतं. पुराच्या इशाऱ्यांमध्ये हे सांगतात. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. पायच काढून घेतले की शत्रू आडवा पडतो, आणि पडता पडता तेच पाणी त्याच्याभोवती जलकारागृह (माणसाला पाण्याच्या गोळ्यात कोंडणारा जुत्सू) होऊन मिटतं. दचकून, नाकात पाणी जाऊन त्याचा भ्रम याच क्षणी मोडेल. मोडू दे. आता कोरडे पाय खोटे आहेत हे कळून त्याला काय करायचंय?

इथवरचं थोडक्यात: धुकं त्याला थांबवतं, थेंबांचा आवाज पाय कोरडे असल्याचं पटवतो, कोमट पाणी चढतं, आणि वार होईपर्यंत काही दुखत नाही. भ्रम काढला तर शत्रू घोट्याएवढ्या पाण्यातच उडी मारून निघून जाईल. पाणी काढलं तर भ्रमाने कोणाचं काही बिघडत नाही. दोघांना एकमेकांची गरज आहे, चाचणी पास.

आता हिशोब. मी खेळाडूंना हा नेहमी करायला लावतो, कारण मर्यादा हिशोबातूनच निघतात. दहा बाय दहा मीटरच्या अंगणात अर्धा मीटर पाणी म्हणजे 50,000 लिटर, आपल्याकडचे दहा हजारी पाच टँकर. नदीकाठी ठीक, एरवी नाही. पण शत्रूभोवती दीड मीटर त्रिज्येचंच वर्तुळ धरलं, तर साधारण साडेतीन हजार लिटरमध्ये काम भागतं. मात्र त्या पाण्याला भिंती नाहीत, कडा चक्राने धरून ठेवाव्या लागतील. म्हणजे जलकारागृह येणाऱ्यालाच हा जुत्सू जमेल. झाली एक अट.

दुसरी अट तापमानाची. तेवढं पाणी 15 अंशांनी तापवायचं म्हटलं तर सुमारे 61 युनिट वीज लागेल. दोन किलोवॉटचा घरचा गिझर तीस तास चालू ठेवावा लागेल! तुमचं पात्र सुइटोनवालं आहे, त्याला हे झेपणार नाही. पाणी तापवण्याची ताकद दिलीत तर ते वेगळंच रक्तसिद्ध, म्हणजे घराण्याच्या रक्तातून येणारं, तंत्र होतं आणि सगळा तोल जातो. म्हणून पाणी आधीच कोमट असेल अशाच जागी हा जुत्सू चालेल: उन्हाळी दुपारचं भातखाचर, उथळ तळं, किंवा गरम पाण्याचे झरे.

झऱ्यांची जागा तर मला फारच आवडते, आणि इथे तुमच्या पात्राचा प्रश्न सुटतो. मूळ जगात युगाकुरे आहेच, गरम झऱ्यांच्या देशातलं, लढाई सोडून पर्यटनाकडे वळलेलं गाव. तुमचा निंजा तिथला करा. वयाने मोठा, गावाने निंजागिरी गुंडाळल्यावर स्नानगृहात पाणी कोमट करून देणारा. कढत झऱ्यात किती गार पाणी मिसळलं की अंगाला कळत नाही, हे त्याच्या हातांना वर्षानुवर्षांच्या कामातून माहीत आहे. गिऱ्हाईक टाकीत उतरताना कुठे दचकतं, कुठे सैल पडतं, हे त्याने रोज पाहिलंय. असा माणूस हा जुत्सू शोधेल यात नवल नाही. शिवाय थंड हवेत कोमट पाण्यावर आपोआप वाफेचं धुकं धरतं, म्हणजे धुक्यासाठी वेगळा जुत्सू लावायची गरज संपली. चक्र वाचलं, आणि हिवाळ्यात वाफ दिसून पकडलं जाण्याची भीतीही गेली, कारण ती वाफच पडदा आहे.

‘दोन वेगळ्या शक्ती एकाच वेळी चालवता येतात का’ अशी शंका कोणी घेतली, तर तुमच्याकडे उत्तर हवं. गेन्जुत्सू हा वारा-पाणी यांसारखा चक्राचा गुणधर्म नाही, त्यामुळे मालिकेतल्या हाकूचा वारा आणि पाणी मिळून बर्फ होतो तसं इथे दोन तत्त्वांचं मिश्रण होत नाही. ही दोन कामं शेजारी शेजारी चालतात. एकाला नाजूक हात लागतो, दुसऱ्याला भरपूर माल. म्हणून तुमचा निंजा या काळात अधूनमधून खडा फेकण्यापलीकडे तिसरं काहीही करू शकणार नाही. त्याला एका जागी बसून ताल सांभाळायचाय. ही कमजोरी लपवू नका, ठसठशीत दाखवा. झाबुझाच्या जलप्रतिकृतीला मूळ माणसाच्या एकदशांशच ताकद असते, आणि ती मर्यादा असल्यामुळेच तिथल्या लढाईत डाव-प्रतिडावाला जागा राहते.

सुटका कशी, हा तुमचा पहिला उपप्रश्न. साथीदाराने हात लावला की भ्रम तुटतो, हा नेहमीचा मार्ग आहेच. म्हणून हा जुत्सू एकट्या शत्रूवरच. मोठा स्फोट झाला की थेंबांचा ताल बुडतो. जोराचा पाऊस आला तरी तेच. पण मला सगळ्यात आवडणारा मार्ग शरीराचा आहे. पाणी कमरेपर्यंत आलं की पायांवरचं वजन जवळपास निम्मं होतं, छातीपर्यंत आलं तर तृतीयांशाच्या आसपास उरतं. आपण भ्रमाला फक्त ‘पाय कोरडे’ एवढंच सांगितलंय, ‘वजन तेवढंच’ असं सांगितलेलं नाही. तेव्हा तुमच्या निंजाने हाव धरून पाणी गुडघ्याच्या फार वर जाऊ दिलं, तर तालीम झालेल्या शत्रूला टाचा हलक्या झाल्याचं जाणवेल. तायजुत्सूवाला, म्हणजे हातापायांनी लढणारा, रोज अंगावर वजनं बांधून पळणारा कोणी असेल तर नक्कीच. अशी सुटका न्याय्य वाटते, कारण खूण पहिल्यापासून समोर होती.

खेळात वापरणार असाल तर: समोर खेळाडूचं पात्र असेल तेव्हा ‘तुझ्यावर गेन्जुत्सू लागलाय, फासे टाक’ असं कधीही म्हणू नका. ते म्हणताक्षणी जुत्सू मेला. मी फासे पडद्याआड स्वतः टाकतो आणि दर फेरीला एकच शारीरिक तपशील सांगतो. ‘धुकं कोमट लागतंय.’ ‘थेंब पडतायत.’ ‘तुझ्या कमरपट्ट्याचं टोक वर आलंय.’ तिसऱ्या वाक्याला टेबलावर कोणीतरी खुर्चीत सरळ होतं. ज्याने ओळखलं त्याला मी फासे न टाकताच सोडतो. डोकं चालवलं त्याचं बक्षीस. कॉमिकमध्ये हीच गोष्ट पार्श्वभूमीला काढा: एक वाळकं पान, प्रत्येक चौकटीत जरा वर. कथेत लिहिताना मात्र अवघड आहे, कारण नजर शत्रूची धरली तर त्याला जे जाणवत नाही ते लिहिता येत नाही. तिथे मी प्रसंग स्नानगृहवाल्याच्या बाजूने लिहीन.

ड्रॅगनवर तुमचा फारच जीव असेल तर एक दुसरी वाट. ड्रॅगन एकच ठेवा, खरा, सगळ्यांना दिसणारा. खोटं एवढंच की तो आहे त्यापेक्षा हातभर डावीकडे दिसतो. पाण्यातली वस्तू तशीही खोटी दिसते. वरून पाहिलं तर चार फूट खोल असलेली तीन फुटांवर वाटते, म्हणूनच भाल्याने मासे मारणारा माणूस दिसतो त्याच्या खाली नेम धरतो. शत्रू नेमका चुकवायला म्हणून उडी मारतो आणि खऱ्या ड्रॅगनच्या तोंडात जातो. वेदना होईल तेव्हा भ्रमाचं काम झालेलं असेल. हा जुत्सू ‘मुक्या पाण्या’इतका खोल नाही, पण दिसायला झकास, आणि कुठेही चालतो.

आणखी एक, बिनचक्राचं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पावसाळ्याच्या आसपास, नशीब असेल तर इंद्रवज्र दिसतं: मागे सकाळचा सूर्य, समोर खाली दरीत धुकं, आणि त्या धुक्यावर आपलीच सावली, डोक्याभोवती गोल इंद्रधनुष्य. प्रत्येकाला ते वलय फक्त स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं, शेजारच्याच्या नाही. आता कड्यावर उभ्या असलेल्या दोन शत्रूंसमोर तुमच्या निंजाने दरीत नुसतं धुकं उभं केलं तर? दोघंही ‘वलयवाला माझ्यासमोर आहे’ म्हणणार आणि दोघंही वेगवेगळ्या दिशेला दाखवणार. त्यांनी भ्रम मोडायचा ‘काई’ हा शब्द कितीही वेळा म्हटला तरी ते जाणार नाही, कारण तिथे मोडायला गेन्जुत्सूच नाही. भ्रम मोडण्यात तरबेज असलेल्या शत्रूसाठी हा डाव राखून ठेवा.

राहिला रँक. एस-रँक देऊ नका. ज्याला कोमट पाणी, धुकं, शांतता, एकटा शत्रू आणि थोडा वेळ इतकं सगळं लागतं, तो जुत्सू बी-रँकचा. स्नानगृहवाल्याने तो युगाकुरेत, स्वतःच्या झऱ्यावर केला तर ए म्हणायला माझी हरकत नाही. आणि जपानी नाव शोधताना त्यात ‘भ्रम’ अर्थाचा शब्द घालू नका. मालिकेत लोक जुत्सूचं नाव ओरडून सांगतात, आणि तुमचा शत्रू तर कान देऊनच उभा आहे.